ओसरीतली धुळे लाइन

पितांबरभाऊंना वाकडं म्हणून काही सहन होत नसे. दुसऱ्याच्या घरी पाणी प्यायला गेले तरी आधी भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करत आणि मग तांब्याला हात लावत. जळगावच्या मोजणी खात्यात ते ट्रेसर होते. शेतांचे नकाशे मेणकापडावर उतरवायचं काम. खानदेशातले यच्चयावत बांध वाकडे आहेत, असं त्यांचं प्रांजळ मत होतं. एकदा एरंडोलकडच्या कुठल्याशा गावचा नाला त्यांनी नकाशात सरळ काढला. पुढच्या पावसाळ्यात नाल्यानं नकाशाचं ऐकलं नाही, म्हणून भाऊ पोळ्यापर्यंत त्या नाल्याशी बोलत नव्हते असं म्हणतात. कोण म्हणतात ते विचारू नका.

अशा माणसाच्या हातात आगगाडी पडली, हीच मूळ चूक.

गाडी होती थोरल्या भावाची. तोतारामनाना जन्मभर चाळीसगाव-धुळे लाइनीवर गार्ड होते. सत्तेचाळीस साली भुसावळचा एक गोरा साहेब विलायतेला चालला, तेव्हा जाता जाता त्यानं विचारलं, "टोटाराम, काय देऊ तुला?" बाकीच्यांनी खुर्च्या मागितल्या, कुणी कुत्रा मागितला. नाना म्हणाले, "इंजिन द्या." साहेबानं दिलं. वीतभर लांबीचं, किल्लीचं, हिरव्या रंगाचं, मागे तीन डबे. रूळ तेवढे साहेबाच्या पोरानं आधीच विहिरीत टाकले होते. तेव्हापासून ते इंजिन देवघराशेजारच्या कोनाड्यात बसून असे, दसऱ्याला हळदकुंकू घेई आणि वर्षभर कुठेही जात नसे. नानाही पेन्शनीत निघून धाकट्या भावाकडे येऊन बसले होते, त्यामुळे दोघांचं बरं जमे.

आण्यांच्या जागी नवे पैसे आले त्या वर्षी नानांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही बाजूंनी अंधार सरकत येईल, मधे तेवढं भोक राहील, मग तेही बुजेल. संक्रांत दिसली तर दिसली.

नाना दवाखान्याच्या पायरीवर म्हणाले, "चाळीसगाव-धुळ्याच्या वाटेवर एक बोगदा नाही रे पितांबर. अन् आता या वयात मले बोगद्यात घातला."

घरी आले. मग ओसरीतल्या झोपाळ्यावर बसून म्हणाले, "एक राहून गेलं. जन्मभर मी गाडीच्या आत. आपली गाडी कशी दिसते ते गार्डाले कधी दिसत नाही. दिसली तर वळणावर, तीही मागून. आपल्या लाइनीवरून आपली गाडी चाललीय, अन् मी बाहेर उभा राहून पाह्यतोय, असं एकदा व्हायले पाह्यजे होतं."

पितांबरभाऊंनी पेन्सिल काढली. मनाला लागलं की ते तिला टोक काढत. टोक काढता काढताच म्हणाले, "नाना, धुळ्याची लाइन मी या ओसरीत टाकतो. तुम्ही झोपाळ्यावर बसून बघाल."

दुसऱ्या दिवसापासून आराखडा सुरू झाला. पहिला आराखडा अगदी खऱ्या प्रमाणात होता. इंजिन खऱ्याहून जेवढ्या पटीनं लहान, तेवढीच लाइन लहान. त्या हिशेबानं पहिलं स्टेशन येण्याआधीच ओसरी संपत होती, गाडी भिंत फोडून रस्त्यावर येत होती, वाटेतलं शिरूड स्टेशन जळगावच्या मेहरूण तलावात बुडत होतं, आणि धुळं कुठे येतं ते बघायला भाऊ तलावाला वळसा घालून गेले, तर तिथे एका केळीच्या बागेत म्हैस बसली होती. म्हैस उठेना. तेव्हा भाऊंनी तडजोड केली. गावं एकमेकांजवळ आणायची. आणि एक सूत्र ठरवलं, ते पुढे सगळ्या आळीला पाठ झालं: अंतर हा तडजोडीचा विषय आहे, स्लीपर हा तत्त्वाचा. रुळाखालच्या दोन आडव्या लाकडी स्लीपरांमधलं अंतर चाळीसगावपासून धुळ्यापर्यंत एकसारखं राहिलं पाहिजे. तिथे केसाचाही फरक चालणार नाही.

आळीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. समोरच्या सुगंधाबाई आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, अमळनेर घालाल ना? माझं माहेर आहे."

"अमळनेर या लाइनीवर नाही, सुगंधाबाई."

"मग लाइन तिकडून न्या. तुमच्या घरातलीच तर आहे."

भाऊंनी नकार दिला. सुगंधाबाईंनी विरजण देणं बंद केलं. बेबाबाई म्हणजे भाऊंची बायको. ती म्हणाली, "अहो, एक खोकं ठेवा नि वर अमळनेर लिहा. दह्याचं बघायला नको का?" भाऊ म्हणाले, "दही तडजोडीचं नसतं असं कुणी सांगितलं?" आणि त्या घरात तेव्हापासून ताक आलं ते शेजारच्या बन्सीलालकडून.

बन्सीलाल सरकी-पेंडीचे दुकानदार. सरकी रोख देत आणि सल्ला फुकट. रुळांना छत्रीच्या काड्या वापरा, ही अक्कल त्यांचीच. छत्रीची काडी आतून पन्हळीसारखी असते, चाक बरोबर बसतं. भाऊंनी आळीत सांगून ठेवलं की मोडक्या छत्र्या आणून द्या. आता मोडकी छत्री ओळखायची कशी, याचा नियम कुणी घातला नव्हता. एका भर पावसात बन्सीलाल पागोट्यावर सरकीचं पोतं घेऊन ओसरीत आले.

"भाऊ, माझी छत्री कुठवर आली?"

भाऊंनी आराखड्यावर बोट ठेवलं. "राजमाने स्टेशनाच्या पुढे."

"बरं चाललंय," म्हणून बन्सीलाल पोतं सावरत परत गेले. माणूस सोन्यासारखा होता. फक्त त्याचं सोनं दर वेळी चुकीच्या जागी लागे, ते पुढे येईलच.

आता प्रश्न आला स्लीपरमधल्या खऱ्या अंतराचा. भाऊ रजा काढून रेल्वेच्या एका कचेरीत गेले. कुठल्या ते सांगत नाही, तिथे अजून माझ्या ओळखी आहेत. कारकुनानं मान वर न करता विचारलं, "अंतर कशाला हवंय?"

"लाइन टाकायची आहे."

"कुठून कुठे?"

"चाळीसगाव ते धुळे."

"ती टाकलेली आहे."

"माझ्या ओसरीत टाकायची आहे."

कारकुनानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. भाऊ तिथेच होते. तेव्हा तो अदबीनं म्हणाला, "खासगी लाइनीला दिल्लीची परवानगी लागते. ओसरी कुणाच्या नावावर आहे?"

भाऊ तिथून उठले ते थेट शिरूडला गेले आणि रुळावर बसून स्वतःच फीत लावू लागले. भर दुपार, टोपीवर उपरणं, तोंडात पेन्सिल. लाइनीवरचा मुकादम पुना लांबून बघत होता. जवळ येऊन काठी टेकून उभा राहिला.

"काय मोजी राह्यनात भाऊ?"

"स्लीपरमधलं अंतर."

"कसाले?"

"सारखं आहे का ते बघतोय."

"मंग, शे का?"

"नाही," भाऊ कळवळून म्हणाले. "कुठे वीतभर जास्त, कुठे कमी. या सांध्याजवळ तर दाटीवाटीच आहे. तुम्हाला झोप कशी लागते?"

पुनानं जरा विचार केला. "झोप तं लागस. पन सलीपाट उपटी लई जावाना इचार शे का तुमना? चाला मास्तरकडे. बठ्ठं तठेच सांगा."

सरकारी नोकर, पांढरी टोपी, पायात काळे बूट, आणि मागे काठी घेऊन मुकादम. स्लीपरचोर ठरून या थाटात भाऊंची स्टेशनापर्यंत मिरवणूक निघाली. स्टेशनमास्तरांनी तोतारामनानांचं नाव ऐकलं तेव्हा कुठे सुटका झाली. वर चहाही मिळाला. पण तोवर त्यांना पार्सलांच्या काट्यावर बसवून ठेवलं होतं, आणि जाता-येता कुणीतरी वजन वाचत होतं, ते भाऊंनी मरेपर्यंत मनात ठेवलं.

घरी येऊन त्यांनी नानांना सांगितलं, "नाना, तुमच्या लाइनीचे स्लीपर सारखे नाहीत."

"नसतातच," नाना म्हणाले. "म्हणून तं गाडी बोलते. शिरूड जवळ आलं की तिचा आवाज बदलायचा. रातच्याले मी डोळे मिटून सांगायचो, आता शिरूड, आता बोरविहीर."

"रेल्वेचं चुकलेलं मी माझ्या घरात चालू देणार नाही," भाऊ म्हणाले. आणि त्यांनी सगळ्या अंतरांची सरासरी काढली, ती लहान केली, आणि काय योग बघा, ती बरोबर भोकाच्या पैशाएवढी आली. तो जुना तांब्याचा पैसा, मधे भोक असलेला. भाऊंनी त्यात सुतळी ओवून तो खुंटीला टांगला. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काड्या कापून, डांबरात बुडवून स्लीपर केले. मग एक स्लीपर, मधे पैसा, पुढचा स्लीपर, पैसा काढायचा. असं फळ्यांवर काम सुरू झालं.

भाऊ कचेरीतून येत, हातपाय धुवत, एक वीतभर लाइन टाकत, मग फळीच्या टोकाला गाल टेकून एक डोळा मिटून बघत आणि त्यातली अर्धी उपटत. गणपती गेले, दसरा गेला. दसऱ्याला इंजिनानं हळदकुंकू घेतलं आणि परत कोनाड्यात बसलं. नाना झोपाळ्यावर बसून विचारत, "कुठवर आली?" आणि स्वतःच्या डोळ्यांचा हिशेबही सांगत. श्रावणात म्हणाले होते, "आता बंद्या रुपयाएवढं दिसतं." दिवाळीत म्हणाले, "आता पावलीएवढं."

लाइन तेव्हा शिरूडला पोचली होती.

हे ऐकून पितांबरभाऊंनी आणखी एक टोक काढलं. बेबाबाईनं मात्र ओढणीला हात पुसले. म्हणजे पदराला. ओढण्या तेव्हा आमच्याकडे आल्या नव्हत्या, सांगण्याच्या ओघात येऊन गेली. तिनं पदराला हात पुसले आणि दुपारची जेवणं झाली की ती फळ्यांशी बसू लागली. पापड वाळत घालावे तसे तिचे हात चालायचे. नाना ऐकत असत पण बोलत नसत. नवऱ्याला कळू नये म्हणून ती संध्याकाळी फळ्यांवर जुनं धोतर पसरी. भाऊ त्या दिवसांत कचेरीत जादा कामाला होते. अशा रीतीनं भाऊ पावसाळाभर खपून जिथे पोचले, तिथून पुढे शिरूड ते धुळे सगळी लाइन बेबाबाईनं एकटीनं टाकली.

ती पुरी झाली त्या संध्याकाळी भाऊ घरी आले तर ओसरीत आळी जमली होती. सुगंधाबाईसुद्धा विरजणाचं विसरून आल्या होत्या. नाना गार्डाची टोपी घालून झोपाळ्याजवळ उभे, गळ्यात शिटी, हातात हिरवा झेंडा. इंजिन चाळीसगावला उभं, किल्ली भरलेली. बन्सीलाल म्हणाले, "या भाऊ, तुमच्यासाठीच गाडी थांबवून ठेवलीय."

भाऊंनी बूटही काढले नाहीत. खाली बसले, फळीला गाल टेकला, एक डोळा मिटला.

"शिरूडच्या पुढे कुणी टाकली?"

"मी," बेबाबाई म्हणाली. तिला वाटलं आता शाबासकी येईल.

"पैसा कुठाय?"

"तो जुना? तो बाजारात कुणी घेईना म्हणून मी बदलून आणला. नवाकोरा आहे," म्हणत तिनं लखलखीत नवा पैसा पुढे केला. भोकाच्या पैशाहून तो निदान गव्हाच्या दाण्याएवढा लहान होता.

शिरूडपर्यंत स्लीपर ऐसपैस, आणि शिरूडनंतर एकाएकी दाट. बघणाऱ्याला काही दिसत नव्हतं. भाऊंना दुसरं काही दिसत नव्हतं.

"अहो, गाडी काय स्लीपर मोजत जाते का?" बेबाबाई म्हणाली.

"चालव रे पितांबर," नाना म्हणाले. आवाज हळू होता. "मले अजून दिसतंय. चालव."

"नाना, चुकीच्या लाइनीवर तुमची गाडी चालवायची? थोडा दम धरा. पंधरवड्यात अशी करून देतो की रेल्वेनं बघायला यावं."

आणि त्यांनी शिरूडपासून धुळ्यापर्यंतची लाइन बोटांनी खरवडून काढली. नानांनी शिटी सदऱ्याच्या आत घातली. बेबाबाई आत गेली आणि तिनं तो नवा पैसा मोहरीच्या डब्यात टाकला, तो बराच वेळ वाजला.

भाऊंनी आता दुसरा भोकाचा पैसा शोधून आणला. एका फकिराकडून बदलून घेतला, त्याला वाटलं हा माणूस आपल्याहून अडचणीत आहे. पऱ्हाटीच्या नव्या काड्या कापल्या, एकेक घासून, डांबर लावून अंगणात ढिगानं वाळत घातल्या. ढीग असा झाला होता की त्यात मांजर व्यायलं असतं.

तेवढ्यात मार्गशीर्ष लागला, आणि मार्गशीर्षात भरिताचं वांगं कुणाला थांबत नाही. आळीचं भरीत दर वर्षी भाऊंच्याच अंगणात होई. चुलीवर नाही, पऱ्हाटीच्या काड्यांच्या आरावर वांगी भाजायची, ही तर आपली रीत. आर लावायचं काम बन्सीलालकडे. आणलेल्या काड्या ओल्या निघाल्या. बन्सीलालनी इकडे तिकडे बघितलं, आणि त्यांना तो ढीग दिसला.

"वा," ते म्हणाले, "भाऊंचं कामच वेगळं. भरिताच्या काड्यासुद्धा बोटभर मापात कापून ठेवल्यात."

डांबरामुळे आर असा धडधडून पेटला की वांगी लाजली. शनिवारची अर्धी कचेरी करून भाऊ आले तेव्हा पंगत बसली होती. भरिताला वास येत होता, पण ज्याच्या अंगणात जेवायचं त्याला कसं सांगायचं, म्हणून जो तो खाली मान घालून वाढून घेत होता. भाऊंनीही दोनदा घेतलं. हिशेब केला तर शिरूड ते बोरविहीर त्यांनी स्वतः खाल्लं.

नाना एका घासाला थांबले, मान वर केली आणि हसून म्हणाले, "गाडी आली वाटतं. डांबराचा वास येतोय."

तेव्हा भाऊंचं लक्ष अंगणाच्या कोपऱ्याकडे गेलं. ते ताटावरून उठले. बन्सीलाल मागोमाग गेले आणि म्हणाले, "भाऊ, मी पुन्हा कापून देतो. माझं मापही घ्या हवं तर." भाऊ म्हणाले, "तुमचं चुकलं नाही." हे त्यांनी त्या वर्षात पहिल्यांदाच कुणाला म्हटलं होतं.

त्यांनी परत कापलं, परत घासलं, परत टाकलं. आता घाई होती, म्हणून ते जास्तच काळजी घेत होते, आणि काळजी घेत होते म्हणून जास्तच वेळ लागत होता. नानांनी "कुठवर आली" विचारणं सोडलं होतं. संक्रांतीला बेबाबाईनं त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला, तेव्हा त्यांनी तो आधी दुसऱ्या हातानं चाचपला. बेबाबाईनं विचारलं, "नाना, किती दिसतं आता?"

"भोकाच्या पैशाएवढं," नाना म्हणाले. मग तिळगूळ तोंडात टाकून म्हणाले, "पैसा नाही. भोक."

माघात लाइन पुरी झाली. खोटं सांगत नाही, अशी लाइन हिंदुस्थानात दुसरी नव्हती. चाळीसगावपासून धुळ्यापर्यंत स्लीपर असे की वहीवर ओळी आखाव्या. आळी परत जमली. नानांना बेबाबाईनं हाताला धरून आणलं आणि फळीजवळ पाटावर बसवलं. टोपी तिनंच घातली.

"नाना, झाली," पितांबरभाऊ म्हणाले.

"छान झाली असेल," नाना म्हणाले. "हात लावू का?"

त्यांनी चाळीसगावला बोट ठेवलं आणि स्लीपरांवरून हळूहळू पुढे न्यायला लागले. वीतभर गेले, हातभर गेले. थांबले. मागे आले. परत पुढे गेले. कपाळाला आठी पडली.

"पितांबर, शिरूड गेलं का रे?"

"नाही नाना. पुढे आहे."

नाना परत बोट सरकवत राहिले. जरा वेळानं पोरासारखे गोंधळून म्हणाले, "समजत नाही रे. बठ्ठं सारखंच लागतंय. मी कुठे आहे तेच समजत नाही."

नाना आपलेच हसले. "ती मागची लाइन बरी होती. बेबानं टाकलेली. दुपारी तू नसताना मी तिच्यावरून हात फिरवून पाह्यला होता. शिरूडले बरोबर बोटाले कळायचं. एकदम स्लीपर जवळ जवळ यायचे. मी म्हटलं, आपली पोरगी शिरूडले कधी गेली नाही, हिले कसं समजलं."

पितांबरभाऊंनी शिरूडजवळ नख घातलं आणि एक स्लीपर उपटला. मग दुसरा. सुगंधाबाई "अगबाई" म्हणाल्या, त्यांना वाटलं भाऊ परत सुरू झाले. बेबाबाईला मात्र कळलं. ती आत गेली, मोहरीचा डबा घेऊन आली आणि त्यातून नवा पैसा शोधून नवऱ्याच्या हातावर ठेवला. पैशाला मोहरी चिकटली होती. भाऊंनी ती पुसलीसुद्धा नाही. बायकोला जागा करून दिली, आणि दोघं शिरूडपासून पुढे स्लीपर टाकत गेली. भाऊ काड्या देत होते आणि बेबाबाई टाकत होती. काही तिरके बसले. बन्सीलाल डिंक धरून उभे होते.

बोरविहीर झाल्यावर नानांनी परत बोट फिरवलं. शिरूडला येताच त्यांचा चेहरा उघडला. "आलं," ते म्हणाले, "शिरूड आलं. आता चालव." आणि ते उठून उभे राहिले, शिटी वाजवली, हिरवा झेंडा वर केला आणि आपली गाडी बाहेरून पाहायला ताठ मानेनं तोंड वळवलं.

तोंड वळवलं ते भिंतीकडे. तिथे नुसतं कॅलेंडर होतं. गाडी त्यांच्या पाठीमागून निघाली, बन्सीलालच्या छत्रीवरून राजमाने ओलांडून गेली, शिरूडला आवाज बदलला तसे नाना भिंतीकडे बघून हसले, झेंडा हलवत राहिले.

नानांना धरून इकडे वळवायला बेबाबाई पुढे झाली, तर भाऊंनी तिचा हात धरला. जन्मात पहिल्यांदा पितांबरभाऊ काही सरळ करायला उठले नाहीत.